खासदार लोकसभेत बोलले, मग नियम का बदलला नाही?

गंगाखेड तालुक्यातल्या एका सरपंचताईंनी विचारलं आहे: "सप्टेंबर २०२४ च्या अतिवृष्टीत आमच्या गावातले पीकविम्याचे बरेच दावे एका अटीवर फेटाळले गेले. नुकसान ७२ तासांत कळवायचं होतं. तेव्हा गावात लाईट नव्हती, रेंज नव्हती. ग्रामसभेनं ठराव घेतला की संसदेनं हा कायदा बदलावा. खासदारसाहेबांना निवेदन दिलं, ते लोकसभेत बोलले, व्हिडिओ गावभर फिरला. पुढं काहीच झालं नाही. दिल्लीत कायदा होतो तरी कसा, आणि आमच्यासारख्यांनी कुठं जायचं?"

ताई, मी बरीच वर्षं मराठवाड्यातल्या खासदारांसाठी संसदेचं कागदकाम केलं. प्रश्न तयार करायचे, विधेयकांवर टिपणं काढायची, समितीच्या बैठकीआधी फाईल वाचून मुद्दे द्यायचे. पक्ष वेगवेगळे, काम तेच. त्यावरून सांगतो, तुमच्या ठरावात तळमळ खरी आहे, पण त्याचा पत्ता चुकला. ज्या अटीवर तुमचे दावे गेले, ती संसदेनं केलेल्या कोणत्याही कायद्यात नाही.

प्रधानमंत्री पीक विमा योजना २०१६ च्या खरिपापासून सुरू झाली. ती योजना आहे, अधिनियम नाही. केंद्राच्या कृषी मंत्रालयानं काढलेल्या मार्गदर्शक सूचनांवर ती चालते आणि ७२ तासांची अट त्या सूचनांतली. तिच्यावर लोकसभेत किंवा राज्यसभेत कधी मतदान झालेलं नाही. कर्जदार शेतकऱ्याला विम्याची सक्ती होती, ती २०२० च्या खरिपापासून उठली. तो निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाचा होता, विधेयक आलंच नाही. २०२५ च्या खरिपात महाराष्ट्रानं स्थानिक आपत्तीचं संरक्षण, म्हणजे ७२ तासांत कळवायच्या नुकसानीचं, वगळून भरपाई पीक कापणी प्रयोगावर (काही शेतांतलं पीक कापून मोजलेल्या उत्पन्नावर) ठेवली. तेही मुंबईत शासन निर्णय काढून झालं. इतका मोठा फरक पडला आणि कुठल्याही सभागृहात एका कलमावर मत घ्यावं लागलं नाही. म्हणून कुठलाही ठराव लिहिण्याआधी एक गोष्ट शोधायची: आपल्याला अडवणारी ओळ नेमकी कुठल्या कागदात आहे? अधिनियमात, नियमांत, मार्गदर्शक सूचनांत की राज्याच्या जीआरमध्ये? ते कळलं की अर्धं काम झालं.

हाच घोळ जमिनीच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त पाहिला. धुळे–सोलापूर राष्ट्रीय महामार्ग कन्नड, गेवराई, बीड, धाराशिव असा आपल्या भागातून जातो. त्याचं भूसंपादन १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाखाली झालं, म्हणजे संसदेच्या कायद्याखाली. शक्तिपीठ महामार्ग मात्र राज्याचा प्रकल्प आहे. त्याच्या भूसंपादनाच्या अधिसूचना १९५५ च्या महाराष्ट्र महामार्ग अधिनियमाखाली निघाल्या. शेत दोन्हीकडे सारखंच जातं, पण एका ठिकाणी प्रश्न दिल्लीचा आणि दुसऱ्या ठिकाणी विधानसभेचा. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन सूच्या आहेत. शेती आणि पाणी मुख्यतः राज्य सूचीत, रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्ग संघ सूचीत, भूसंपादन समवर्ती सूचीत. राज्य सूचीतल्या विषयावर खासदारानं कितीही पोटतिडकीनं भाषण केलं, तरी मंत्री उत्तर देतात, "हा विषय राज्याचा आहे." ते टोलवणं वाटतं, पण बहुतेक वेळा ते उत्तर घटनेप्रमाणे बरोबर असतं.

संसदेची रचना थोडक्यात सांगतो, ती शाळेच्या पुस्तकात आहेच. राष्ट्रपती, लोकसभा आणि राज्यसभा मिळून संसद होते. लोकसभेत ५४३ जागा, त्यांपैकी महाराष्ट्राच्या ४८ आणि मराठवाड्याच्या ८. राज्यसभेत २४५, त्यांत महाराष्ट्राचे १९. राज्यसभेच्या निवडून आलेल्या सदस्यांना आपले आमदार निवडतात, म्हणून त्यांचा मतदारसंघ अख्खं राज्य असतो. गावातल्या लोकांना आपला एकच खासदार माहीत असतो. प्रत्यक्षात महाराष्ट्राच्या राज्यसभा सदस्यांपैकी कुणाकडंही तुम्ही तितक्याच हक्कानं जाऊ शकता, आणि त्यांच्याकडं निवेदनांची गर्दीही कमी असते. धन विधेयक (फक्त कर, सरकारी खर्च अशा पैशाच्या बाबींचं) सोडलं तर दोन्ही सभागृहांची संमती लागते. धन विधेयकात राज्यसभेच्या हातात फक्त १४ दिवस असतात, तिच्या शिफारशी लोकसभेनं मानल्याच पाहिजेत असं नाही. एखादं विधेयक धन विधेयक आहे का, हे लोकसभा अध्यक्ष ठरवतात.

संसद आपल्यापासून लांब आहे असं मराठवाड्यात सर्रास म्हटलं जातं. पण १७ सप्टेंबर १९४८ नंतर आपण हैदराबाद राज्यात होतो. तिथून १ नोव्हेंबर १९५६ ला द्वैभाषिक मुंबई राज्यात आलो ते संसदेच्या राज्य पुनर्रचना कायद्यानं, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलो तेही संसदेच्याच कायद्यानं. राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार अनुच्छेद ३ नं संसदेला दिला आहे. संबंधित विधिमंडळाचं मत मागवावं लागतं, पण ते संसदेवर बंधनकारक नाही. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनंतर अनुच्छेद ३७१ मध्ये मराठवाड्याचं नावच आलं. त्याच्याच आधारानं १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळं झाली आणि ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली. आपला भूभाग कुठल्या राज्यात असावा इथपासून संसदेनं आपल्याबद्दल ठरवलं आहे.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडं येतो, कायदा होतो कसा. यासाठी मी २०१३ चा भूसंपादन कायदा घेतो, कारण आपल्याकडं तो घराघरात पोचला आहे आणि त्यात सगळे टप्पे नीट दिसतात.

१८९४ चा इंग्रजांच्या काळातला कायदा बदलायचा होता. अशा वेळी संबंधित मंत्रालय धोरण ठरवतं, कायदा मंत्रालयाचा विधायी विभाग कलमं लिहितो, मंत्रिमंडळ मंजुरी देतं आणि मग विधेयक सभागृहात येतं. मसुदा निदान ३० दिवस लोकांसमोर ठेवून मतं मागवावीत असं केंद्राचं २०१४ पासूनचं धोरण आहे. दर वेळी ते पाळलं जात नाही, पण मंत्रालयाच्या वेबसाईटवर नजर ठेवली तर बरेच मसुदे सापडतात. भूसंपादनाचं विधेयक ७ सप्टेंबर २०११ ला लोकसभेत मांडलं गेलं. विधेयक मांडण्याला पहिलं वाचन म्हणतात. त्या वेळी सहसा चर्चा होत नाही.

मग ते ग्रामीण विकासाच्या स्थायी समितीकडं गेलं. सुमित्रा महाजन तिच्या अध्यक्ष होत्या, अहवाल मे २०१२ मध्ये आला. २९ ऑगस्ट २०१३ ला लोकसभेनं आणि ४ सप्टेंबरला राज्यसभेनं ते मंजूर केलं. राज्यसभेनं काही दुरुस्त्या केल्यामुळं विधेयक परत लोकसभेत जाऊन त्या मान्य करून घ्याव्या लागल्या. २६ सप्टेंबरला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १ जानेवारी २०१४ पासून कायदा लागू झाला. दोन वर्षांहून जास्त काळ गेला, आणि त्या काळात नावासकट बरंच काही बदललं.

काय बदललं त्याचं एकच उदाहरण देतो. मांडलेल्या विधेयकात ग्रामीण भागातल्या जमिनीच्या बाजारभावाला २ नं गुणायचं होतं, सरसकट. अंतिम कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो गुणक "१ ते २" झाला, शहरापासूनच्या अंतरावर अवलंबून, आणि नेमका आकडा ठरवायचं काम राज्य सरकारकडं गेलं. त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम. आता हिशेब करा. बाजारभाव १० लाख असेल तर गुणक २ धरून ४० लाख होतात, गुणक १ धरला तर २० लाख. एका अनुसूचीतल्या एका ओळीनं शेतकऱ्याचे निम्मे पैसे इकडचे तिकडं होतात. टीव्हीवर तेव्हा चर्चा होती ती जमीन घेण्याआधी ७० टक्के लोकांची संमती हवी की ८० टक्के याची. ती महत्त्वाची होतीच, पण या ओळीकडं आपल्या भागातून फार थोड्यांचं लक्ष गेलं.

त्याच कायद्याचं कलम १०५ पाहा. राष्ट्रीय महामार्ग, रेल्वे असे १३ कायदे चौथ्या अनुसूचीत टाकून नव्या कायद्याच्या बाहेर ठेवले होते. त्यांना नव्या दरानं मोबदला लागू करण्यासाठी केंद्रानं एका वर्षात अधिसूचना काढायची होती. त्याऐवजी ३१ डिसेंबर २०१४ ला अध्यादेश आला. त्यात हा मोबदला १ जानेवारी २०१५ पासून दिला, पण सोबत काही प्रकल्पांना संमती आणि सामाजिक परिणाम अभ्यासातून सूटही दिली. अध्यादेश अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवडेच टिकतो, म्हणून तो पुन्हा पुन्हा काढला गेला. राज्यसभेत सरकारचं बहुमत नव्हतं, विधेयक संयुक्त समितीकडं अडकलं आणि ३१ ऑगस्ट २०१५ ला अध्यादेश संपला. महामार्गात जमीन गेलेल्यांचा नवा मोबदला वाचला तो २८ ऑगस्ट २०१५ च्या एका आदेशामुळं. कायद्याच्या कलम ११३ मध्ये 'अडचणी दूर करण्याचा' अधिकार सरकारला आहे, त्याखाली तो निघाला. मोबदला ठरवणारा निवाडा कुठल्या तारखेचा यावर किती जणांचं नशीब ठरलं, हे भूसंपादन अधिकाऱ्याच्या कचेरीत चकरा मारलेल्या माणसाला विचारा.

सभागृहात दुसऱ्या वाचनाचा जो भाग टीव्हीवर दिसतो ती सर्वसाधारण चर्चा असते. तिच्यानंतर कलमवार विचार सुरू होतो आणि तेव्हा बातमीदारांची गॅलरी रिकामी व्हायला लागते. अध्यक्ष कलमांचे क्रमांक वाचतात, दुरुस्तीची सूचना दिलेला सदस्य असेल तर त्याला पुकारतात, हो म्हणणारे कोण, नाही म्हणणारे कोण असं विचारतात आणि पुढं जातात. कलम १ आणि विधेयकाचं नाव सगळ्यात शेवटी घेतात. बहुतेक वेळा आवाजी मतदान होतं. कुणी मतविभाजन मागितलं तरच कुणी कुठं मत दिलं याची नोंद राहते. २० सप्टेंबर २०२० ला राज्यसभेत दोन कृषी विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर झाली. मतविभाजनाची मागणी झाली होती आणि त्यावरूनच गदारोळ झाला. ती विधेयकं कुठल्याही समितीकडं गेलेली नव्हती. २९ नोव्हेंबर २०२१ ला ही दोन आणि तिसरा असे तिन्ही कृषी कायदे एकाच दिवशी दोन्ही सभागृहांत चर्चेविना रद्द झाले. येताना समितीत तपासणी नाही आणि जाताना चर्चा नाही, ही पद्धत शेतकऱ्याच्या हिताची नाही असं माझं ठाम मत आहे, मग कायदा आवडो वा न आवडो.

खासदार मतदानात स्वतंत्र का वागत नाहीत, असंही लोक विचारतात. १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीनं दहावी अनुसूची आली. पक्षानं व्हिप (कसं मत द्यायचं याचा आदेश) काढला आणि त्याविरुद्ध मत दिलं तर सदस्यत्व जाऊ शकतं. त्यामुळं सभागृहात मत देताना खासदाराचा हात बांधलेला असतो. समितीत व्हिप नसतो. दार बंद असतं, कॅमेरा नसतो, समोर सचिव दर्जाचे अधिकारी बसलेले असतात आणि सत्ताधारी पक्षाचा सदस्यही त्यांना खडसावून विचारतो की हे कलम गावात चालणार कसं? माझ्या कामाच्या सगळ्या वर्षांत विधेयकाचा शब्द बदललेला मी पाहिला तो जवळजवळ नेहमी समितीच्या टप्प्यावर. म्हणून माझं तुम्हाला सांगणं एवढंच की भाषणामागं कमी धावा, समितीच्या मागं जास्त धावा.

या विभागवार स्थायी समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या, तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष आपल्या लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर होते. सुरुवातीला १७ समित्या होत्या, २००४ पासून २४ आहेत. प्रत्येकीत ३१ सदस्य, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. मंत्री सदस्य होऊ शकत नाहीत. समित्या विधेयकं तपासतात, आणि मंत्रालयांच्या अनुदानाच्या मागण्याही, म्हणजे पीकविम्याला किती पैसा ठेवला नि किती खर्च झाला, तेही. त्यांच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नाहीत, पण त्यावर काय केलं हे सरकारला लेखी कळवावं लागतं. पंधराव्या लोकसभेत सुमारे ७० टक्के विधेयकं समित्यांकडं गेली होती, सतराव्या लोकसभेत ते प्रमाण २० टक्क्यांच्याही खाली आलं. ही घसरण मला फार खुपते. बाहेरच्या माणसाला आत जाण्याचा तोच एक रस्ता आहे, आणि तो अरुंद होत चालला आहे.

रस्ता कसा, तर समितीकडं विधेयक आलं की ती बऱ्याचदा जाहिरात देऊन लोकांकडून निवेदनं मागवते. मुदत थोडी असते, साधारण दोन-तीन आठवडे. हिंदी किंवा इंग्रजीत लिहावं लागतं. निवेदन समितीच्या नोंदीत जातं, महत्त्वाचं वाटलं तर माणसाला साक्षीसाठी बोलावतात. आपल्या भागातून जाणारी निवेदनं बहुधा दोन प्रकारची असतात. एकात चार पानं व्यथा असते आणि शेवटी 'योग्य तो निर्णय घ्यावा' एवढंच. दुसऱ्या प्रकारात शंभर सह्या असतात आणि मजकूर छापील. दोन्हींतून समितीच्या अधिकाऱ्याला टिपणात घेण्यासारखं काही सापडत नाही. त्याला हवं असतं ते असं: अमुक कलमात अमुक शब्द आहेत, त्याऐवजी हे शब्द घाला, कारण आमच्या गावात यामुळं असं असं घडलं, सोबत फेटाळलेल्या अर्जांच्या प्रती. एक पान पुरतं.

तुमच्या प्रकरणात विधेयक नाही, त्यामुळं हत्यार वेगळं लागेल. खासदार शून्य प्रहरात (तातडीचे विषय थोडक्यात मांडायच्या वेळेत) बोलले असतील तर मंत्र्यांना तिथल्या तिथं उत्तर देणं बंधनकारक नसतं. म्हणून व्हिडिओ फिरला आणि पुढं काही हललं नाही. त्याऐवजी त्यांना अतारांकित प्रश्न विचारायला सांगा. त्याचं लेखी उत्तर सभागृहाच्या पटलावर ठेवावं लागतं आणि ते कायमची नोंद होऊन बसतं. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत येतात, सूचना १५ दिवस आधी द्यावी लागते, कुणाचा प्रश्न लागणार हे सोडतीवर ठरतं. म्हणून एकाच खासदारावर थांबू नका. तोच प्रश्न दोन-तीन खासदारांकडून जाऊ द्या, राज्यसभेतूनही.

'शेतकऱ्यांवरील अन्याय दूर करण्यासाठी सरकार काय करत आहे' असा प्रश्न गेला की योजनेची माहितीपत्रिकाच उत्तर म्हणून परत येते. मी असा लिहीन: (क) २०२४ च्या खरीप हंगामात परभणी जिल्ह्यात स्थानिक आपत्तीच्या किती सूचना आल्या, (ख) त्यांपैकी ७२ तासांनंतर आल्या या कारणावरून किती फेटाळल्या, तालुकानिहाय, (ग) ज्या महसूल मंडळांत अतिवृष्टीची नोंद होती तिथं मुदतीत सूट द्यायची तरतूद मार्गदर्शक सूचनांत आहे का, (घ) नसेल तर ती करण्याचा विचार आहे का? यातल्या (क) आणि (ख) ला आकडाच द्यावा लागतो. (ग) ला हो किंवा नाही. (घ) ला मंत्रालयानं 'विचार करू' किंवा 'माहिती गोळा करून पटलावर ठेवू' असं लिहिलं, तर त्याची आश्वासन म्हणून नोंद होऊ शकते. आश्वासनांसाठी संसदेची वेगळी समिती आहे आणि ती पूर्ण करायला साधारण तीन महिने मिळतात. मुदत गेली की मंत्रालयाला कारण देऊन वाढवून मागावी लागते. मंत्रालयातले अधिकारी भाषणाला घाबरत नाहीत, प्रलंबित आश्वासनाच्या यादीला घाबरतात.

दुसरं दार आहे याचिका समितीचं. दोन्ही सभागृहांना ती आहे. सभागृहात मांडायच्या याचिकेवर एका सदस्याची प्रतिस्वाक्षरी लागते. तिची मागणी नेमकी हवी, आणि न्यायालयात चालू असलेल्या प्रकरणावर ती करता येत नाही. तेव्हा गावातल्या कुणी आधीच या दाव्यांबद्दल खटला भरला असेल तर त्याचा विषय याचिकेतून वगळा.

ठराव नव्यानं घ्याल तेव्हा 'संसदेनं कायदा बदलावा' हे वाक्य काढा. त्याजागी 'केंद्रीय कृषी मंत्रालयानं पीकविम्याच्या मार्गदर्शक सूचनांत, आणि राज्य शासनानं आपल्या शासन निर्णयात' असं लिहा. त्याची एक प्रत खासदारांना द्या, एक आमदारांना आणि एक राज्यसभेच्या ज्या सदस्याकडं तुमचा संपर्क होईल त्यांना. सोबत फेटाळलेल्या दाव्यांची पत्रं, विमा कंपनीचा मेसेज दिसेल असे मोबाईलचे स्क्रीनशॉट आणि त्या दिवसांतल्या पावसाची तुमच्या महसूल मंडळाची नोंद जोडा. ती नोंद तहसील किंवा तालुका कृषी कार्यालयात मागा. आणि हे सगळं अधिवेशन सुरू व्हायच्या निदान महिनाभर आधी पोचवा, कारण अधिवेशन सुरू झाल्यावर आलेल्या कागदाला त्या अधिवेशनात प्रश्नाची पहिली तारीख गाठता येत नाही.